माप बरोबर असूनही जुन्या घड्याळाचा घरी केलेला भाग टिकत नाही? त्याचं पाणी तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. घरात आजोबांच्या वेळचं ठोक्यांचं घड्याळ असतं, अँसोनिया नाहीतर सेइकोशा. चावी देताना टक-टक वाजणारा आणि स्प्रिंगला मागे सुटू न देणारा खटका झिजतो आणि सटकायला लागतो. घरातला हातचा कुशल माणूस जुन्या खटक्यावरून पत्र्यावर आखून नवा कापतो, कानशीने घासतो, जुन्याशी ताडून पाहतो आणि बसवतो. घड्याळ सुरू होतं. थोड्या दिवसांनी चावी देताना पुन्हा तोच खडखडाट होतो. उघडून पाहावं तर नव्या खटक्याचं टोक गोल झालेलं. मग तो दुसरा करतो, या खेपेला लाल तापवून पाण्यात बुडवून. त्याचे दोन तुकडे होतात. तिसऱ्या वेळी तो व्हर्नियर घेऊन बसतो आणि मापं पुन्हा तपासतो.

मापं बरोबरच असतात. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची नजर स्वभावतः मापावर जाते, कारण माप दिसतं आणि मोजता येतं. पण घरी केलेला छोटा भाग पुन्हा पुन्हा दगा देतो तेव्हा बहुधा धातूची अवस्था चुकलेली असते. जिथे कडक हवा तिथे मऊ, जिथे चिवट हवा तिथे ठिसूळ, जिथे लवचीक हवा तिथे मेलेला. लोहार पहारीला जे पाणी देतो, म्हणजे लाल तापवून, बुडवून तिला कडक करतो, तेच पाणी इथे मुगाच्या दाण्याएवढ्या तुकड्याला द्यायचं असतं, आणि तुकडा लहान असल्यामुळेच ते अवघड होतं.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी मिळणारं पोलाद पसंत नव्हतं. एकाच पट्टीत कुठे कडक, कुठे मऊ. म्हणून १७४० च्या दशकात शेफील्डजवळ जाऊन त्याने मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजीव करण्याची पद्धत बसवली. शेफील्डचं नाव पुढे जगभर गेलं त्यात या घड्याळजीचा मोठा वाटा आहे.

भाग घरीच का करायचे, असा प्रश्न कुणी विचारतो. अँसोनिया कंपनी १९२९ च्या सुमारास संपली आणि तिची यंत्रं सोव्हिएत रशियाने विकत घेतली. सेइकोशा हा किंतारो हात्तोरी यांनी १८९२ मध्ये तोक्योत सुरू केलेला कारखाना. त्याची भिंतीवरची घड्याळं आपल्याकडे घरोघर आली, पण चावीच्या त्या मशीनचे सुटे भाग आता नव्याने येत नाहीत. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या मशीन मिळतात, त्यातला खटका आपल्या खटक्याइतकाच झिजलेला असतो. म्हणून कानस हातात घ्यावी लागते.

हात घालण्याआधी

मेन स्प्रिंगमधला, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला ताण उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नका. आठ दिवसांच्या ठोक्यांच्या घड्याळात दोन स्प्रिंगा असतात, एक चालीची आणि एक ठोक्यांची. दोन्ही उतरवायच्या. चावी घट्ट धरायची, थोडी पुढे फिरवून खटका मोकळा करायचा, तो चिमट्याने उचलून धरायचा आणि चावी मुठीत सरकू देत सावकाश मागे येऊ द्यायची. चावीची पाती बोटांना मार देतात, तेव्हा जाड हातमोजा घाला. खटका सटकल्याची तक्रार असेल तर ही काळजी दुप्पट घ्यायची, कारण जो भाग ताण धरून ठेवतो तोच बिघडलेला आहे.

तुटलेला तुकडा फेकू नका

नवा भाग करायची घाई होते आणि जुना कचऱ्यात जातो. सगळी माहिती त्या जुन्यातच असते. भिंग घ्या, साधं दहापटीचं चालेल, आणि तुटलेली कड उजेडात धरा.

टोक चेपलंय, गोल झालंय, कडेला ओठ आल्यासारखं पसरलंय, पण तुटलेलं नाही, म्हणजे भाग मऊ होता. एकतर त्याला पाणी चढलंच नाही, म्हणजे बुडवून तो कडक झालाच नाही, किंवा नंतर पुन्हा तापवताना ते फार उतरलं.

स्वच्छ तुटलाय, वाकल्याची खूण नाही, आणि आतला कण बारीक, राखाडी, रेशमी दिसतो, तर पाणी नीट चढलं होतं पण उतरवलं नव्हतं. काचेसारखा कडक राहिला आणि पहिल्या धक्क्याला गेला.

आतला कण मोठा, साखरेसारखा चमचमता दिसत असेल तर भाग गरजेपेक्षा जास्त तापवला होता. असा तुकडा नंतर कितीही नीट उतरवला तरी कमजोरच राहतो.

तुटलेल्या जागेचा एक भाग काळपट किंवा रंगीत आणि उरलेला चकचकीत असेल, तर चीर बुडवतानाच पडली होती. काळा भाग ती जुनी चीर, चकचकीत भाग नंतर तुटलेला. अशी चीर बहुतेक आतल्या टोकदार कोपऱ्यातून निघते. म्हणून खटक्याच्या मानेचा कोपरा काटकोनी कापायचा नाही, गोल कानशीने वाटोळा ठेवायचा.

एवढं पाहिलं की पुढचं निम्मं काम होतं.

मुळात हे पोलाद आहे का?

पुष्कळ लोक हातात येईल तो पत्रा, खिळा, सायकलचा आरा घेतात आणि त्याला पाणी देत बसतात. साध्या लोखंडात कार्बन इतका कमी असतो की कितीही तापवा, कितीही बुडवा, ते कडक होत नाही. स्टेनलेसचा आरा असेल तर तोही नाही. ड्रिलचं बिट चांगलं पोलाद म्हणून घेतलं जातं, पण हाय-स्पीड स्टील घरच्या टॉर्चवर ना नीट मऊ होतं ना नीट कडक.

घरच्या कामाला चांगलं पोलाद म्हणजे झिजून टाकून दिलेली जुनी कानस, सिल्व्हर स्टीलची सळई (नावातच चांदी, असतं ते कडक होणारं कार्बनचं पोलाद), जुन्या घड्याळाची तुटकी मेन स्प्रिंग, शिवणाची किंवा रफूची सुई. सिल्व्हर स्टील मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत विचारलं तर मिळतं. कानस मऊ करायची असेल तर लालभडक तापवून चुलीच्या कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत खोल पुरून रात्रभर ठेवावी, हळूहळू गार होऊ द्यावी. सकाळी ती करवतीने कापता येते.

खात्री करायची रीत अशी. सळईचा नखाएवढा तुकडा लाल तापवा, पाण्यात बुडवा, मग त्यावर चांगली कानस फिरवा. कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकली आणि आवाज बारीक, किणकिणता आला तर ते पाणी घेणारं पोलाद आहे. कानस चावली तर तो तुकडा बाजूला ठेवा, त्याचा खटका करू नका. ही चाचणी भाग घडवण्याआधी करायची. तासन्‌तास घासून आकार आणल्यावर पोलाद नव्हतं असं कळणं फार वाईट.

छोटा भाग पाण्यात पडण्याआधीच थंड होतो

घरी पाणी न चढण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं.

लोहार पहार भट्टीतून काढतो, दोन पावलं चालतो, टाकीत बुडवतो. पहारीच्या अंगात उष्णता इतकी असते की तेवढ्यात काही बिघडत नाही. खटक्याएवढा तुकडा ज्वाळेतून बाहेर आला की डोळ्यांदेखत लालचा काळा होतो. चिमट्याने उचलून टेबलावरच्या वाटीपर्यंत नेईपर्यंत तो कडक होण्याच्या तापमानाखाली आलेला असतो. बुडवल्यावर चुर्र आवाज येतो, आपल्याला वाटतं झालं. काहीच झालेलं नसतं.

म्हणून वाटी ज्वाळेच्या थेट खाली ठेवायची. भाग बारीक लोखंडी तारेत गुंफून टांगायचा, वरून तापवायचा आणि रंग आला की तार सोडून द्यायची. वाटी खोल हवी. छोट्या भागांसाठी पाण्यापेक्षा तेल बरं, कारण पाण्यात पातळ भाग वाकतो नाहीतर चिरतो. घरातलं शेंगदाण्याचं तेल चालतं. तेल भरायचं ते स्टीलच्या भांड्यात, जवळ घट्ट बसणारं झाकण ठेवून, म्हणजे पेट घेतलाच तर वरून झाकता येईल. भोवती कागद, चिंध्या नकोत. डोळ्यांवर चष्मा हवा.

रंग कुठला? अंधाऱ्या खोलीत दिसणारा पिकल्या जांभळाचा नाही आणि नारिंगीही नाही, मधला स्वच्छ लाल. अंशांत सांगायचं तर ७७० ते ८०० सेल्सिअस. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला ओळखेनासं होतं, तेव्हा त्याच पोलादाचा एक मोठा तुकडा तापवून चुंबकाने तपासा. चुंबक सोडतो त्या क्षणाचा रंग नजरेत साठवा, आणि छोटा भाग त्याच्या किंचित वर न्या. ही नजर त्याच खोलीत, त्याच उजेडात बसवायची, कारण उन्हात तोच रंग फिका दिसतो.

रंग येत नाही म्हणून जास्त वेळ तापवत बसणं आणखी वाईट. ज्वाळेत पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. जाड वस्तूला त्याने फारसा फरक पडत नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या पट्टीत मात्र दोन्ही बाजूंनी कार्बन गेला की आत उरतं काय? भागाला आधी अंगाच्या साबणाचा जाड लेप देऊन वाळवला तर तो थर ज्वाळेला अडवतो आणि बुडवल्यावर बराचसा गळून पडतो.

निळा रंग आला म्हणजे पाणी आलं असं नाही

पाणी चढल्यावर भाग काचेइतका कडक आणि तितकाच ठिसूळ असतो. आता तो थोडा तापवून पाणी उतरवायचं. त्यासाठी आधी तो बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासावा लागतो, कारण रंग चकचकीत पृष्ठभागावरच उमटतो. फिकट पिवळा सुमारे २२० ते २३० अंशांना येतो, गडद पिवळा २४० ला, तपकिरी २६० च्या आसपास, जांभळा २८० ला, गडद निळा २९० ते ३०० ला. त्यापुढे फिकट निळा आणि मग राखाडी. कापणारी हत्यारं पिवळ्यावर थांबवतात, स्प्रिंगा आणि पिव्होट, म्हणजे चाकाच्या दांड्याची ती बारीक टोकं ज्यांवर तो फिरतो, निळ्यावर.

इथे फसगत होते ती अशी. हे रंग पृष्ठभागावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचे असतात. साधा खिळा घासून तापवला तरी तोही तितकाच सुंदर निळा होतो, आणि राहतो मऊ. भाग निळा दिसतो म्हणून तो स्प्रिंग झाला असं मानून बसवला जातो आणि तो वाकतो. निळा करण्याआधी कानस त्यावरून घसरली होती का, एवढं विचारा. घसरली नसेल तर पुन्हा पाणी द्या.

दुसरी अडचण वेगाची. छोटा भाग थेट ज्वाळेवर धरला तर पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा हे सगळं पापणी लवायच्या आत होऊन जातं आणि आपल्या हाती राखाडी, पाणी पूर्ण उतरलेला तुकडा उरतो. शिवाय पातळ टोक आधी तापतं, जाड बूड मागे राहतं. नेमकं जे टोक कडक हवं तेच मऊ होतं. यावर जुना उपाय आहे, पितळेचा कीस. एका लोखंडी पळीत पितळेचा कीस बोटभर भरायचा, भाग त्यात अर्धा रुतवायचा, चकचकीत बाजू वर, आणि पळी खालून मंद आचेवर धरायची. कीस सगळीकडून सारखी ऊब देतो. पहिला पिवळेपणा कडेने येतो, मग गव्हाळ होतो, क्षणभर तपकिरीत रेंगाळतो आणि त्यात जांभळी झाक शिरते. जांभळा दिसला की पळी आचेवरून काढा, कारण किसातली उष्णता त्याला निळ्यापर्यंत स्वतःच नेते. हवा तो रंग येताच भाग चिमट्याने उचलून थंड फरशीवर टाका. घरच्या ओव्हनवर अवलंबून राहू नका. तो साधारण २५० अंशांपर्यंत जातो, म्हणजे तपकिरीच्याही अलीकडे. स्प्रिंगला ते पुरत नाही.

खटका, रिव्हेट आणि तारेची स्प्रिंग

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मेन स्प्रिंग धरून ठेवणारे तीन छोटे भाग एकमेकांना टेकून असतात आणि तिघांना तीन वेगळ्या अवस्था लागतात. घरच्या दुरुस्तीत तिघांनाही एकच वागणूक मिळते, म्हणून दुरुस्ती टिकत नाही.

खटका कडक पण चिवट हवा. मी जांभळ्या-निळ्याच्या सीमेवर थांबतो. टोक चेपणार नाही इतपत कडक, आणि चावी सोडताना बसणारा झटका सोसेल इतपत चिवट.

ज्या रिव्हेटवर खटका फिरतो तो कडक असून चालत नाही. त्याचं डोकं ठोकून पसरवायचं असतं. पाणी दिलेल्या सुईचा रिव्हेट केला तर ठोकताना तो तडकतो, कधी अशी बारीक चीर पडते की दिसत नाही आणि महिन्याने डोकं उडतं. इथे साधं लोखंडच बरं, खिळ्याचंसुद्धा. अँसोनियासारख्या अमेरिकन मशीनमध्ये सटकण्याचं खरं कारण पुष्कळदा हा ढिला रिव्हेटच असतो. खटका चांगला असतो, पण रिव्हेट झिजून तो तिरका होतो आणि दातेरी चाकाच्या दात्यावर अर्ध्याच रुंदीने टेकतो. म्हणून नवा खटका करण्याआधी जुना बोटाने हलवून पाहा. आजूबाजूला डुलत असेल तर आधी रिव्हेट बदला.

रिव्हेटला पायरी हवी, म्हणजे खटका फिरतो तो भाग जाड आणि ठोकायचं टोक बारीक, आणि त्या पायरीची उंची खटक्याच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. नाहीतर ठोकल्यावर खटका आवळला जातो आणि फिरत नाही. ठोकताना खटक्याखाली तेल लावलेल्या कागदाचा तुकडा ठेवा. ठोकून झालं की कागद फाडून काढा, तेवढी मोकळीक राहते.

तिसरी ती बारीक स्प्रिंग, जी खटका दात्यात दाबून धरते. इथे पोलादाची ओढलेली तार वापरा आणि तिला अजिबात लाल करू नका. गिटारच्या साध्या तारा किंवा मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानात मिळणारी पोलादी तार, ०.३ ते ०.५ मिलीमीटरची, यासाठी उत्तम. तिचा कडकपणा ओढण्यातून आलेला असतो. वळवायला सोपं जावं म्हणून ज्वाळेत धरली की तो गेला. वळण थंडच द्यायचं, गोल तोंडाच्या पकडीने, एका खेपेत. सरळ करून पुन्हा वळवलेली तार त्या वळणापाशीच तुटते.

तिन्ही नीट असूनही सटकत असेल तरच मापाकडे, म्हणजे कोनाकडे वळा. स्प्रिंगचा जोर आल्यावर खटक्याचं टोक दात्याच्या मुळाकडे ओढलं गेलं पाहिजे. टेकणारा पृष्ठभाग उलटा कलला असेल तर जोर वाढेल तसा खटका बाहेर ढकलला जातो. त्या पृष्ठभागावर कानशीचे दोन-तीन हात पुरे होतात, अर्थात पाणी देण्याआधी.

लंबकाची पट्टी

लंबक ज्या पातळ पट्टीला लटकतो ती घरी करणारे पुष्कळ आहेत, आणि तक्रारीही याच भागाच्या सर्वांत जास्त येतात. घड्याळ पाच-दहा मिनिटांत थांबतं, लंबक सरळ झुलायच्या ऐवजी फिरक्या घेतो, किंवा घड्याळ पुढे पळतं आणि लंबकाखालचा नट अगदी शेवटापर्यंत उतरवला तरी आवरत नाही.

पळणारं घड्याळ आधी घेऊ. पट्टीची ताठरता जाडीच्या घनाने वाढते. ०.०८ मिलीमीटरच्या जागी ०.१० ची पट्टी घातली तर फरक बोटाला जाणवतही नाही, पण ताठरता जवळजवळ दुप्पट होते. ०.०५ च्या जागी ०.१० घातली तर आठपट. ताठ पट्टी लंबकाला मधल्या जागी लवकर परत खेचते, म्हणून घड्याळ पळतं, आणि झोका लहान होऊन थांबायलाही लागतं. नटाने किती आवरता येतं याचा अंदाज हवा असेल तर, सुमारे २५ सेंटीमीटरच्या लंबकाची लांबी १ मिलीमीटर वाढवली की दिवसाला साधारण तीन मिनिटांचा फरक पडतो. घड्याळ त्याहून कितीतरी जास्त पळत असेल तर नट फिरवत बसू नका, पट्टी मोजा. रुंदीचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात होतो, म्हणून पातळ पट्टी मिळत नसेल तर आहे ती रुंदीला घासून कमी करता येते.

पट्टीसाठी फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची पातळ पोलादी पानं सोयीची. त्यांना आधीच स्प्रिंगचं पाणी दिलेलं असतं आणि जाडी पानावर कोरलेली असते. चूक होते ती कापण्यात. कात्रीने कापलेली कड कुरळी होते, तिच्यावर सूक्ष्म खाचा राहतात, आणि पट्टी दर झोक्याला वाकत असल्यामुळे त्या खाचेतूनच एक दिवस तुटते. थोडी रुंद कापा, पितळेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून वाइसमध्ये धरा आणि कडा लांबीच्या दिशेने बारीक दगडाने घासा. आडवा ओरखडा एकही नको. भोकासाठी फक्त टोकाचं पाणी उतरवायचं, बाकीची पट्टी तांब्याच्या ओल्या तुकड्यांत धरून.

लंबक फिरक्या घेत असेल तर पट्टी उजेडासमोर कडेने धरून पाहा. कुठे तरी मुरड असते, किंवा वरचं आणि खालचं पितळी टोक एकमेकांशी समांतर बसलेलं नसतं. मुरड बोटांनी सरळ करून पट्टी सुधारत नाही. ती बदलावीच लागते. घड्याळ भिंतीवरून हलवताना लंबक आधी काढून ठेवायचा, नाहीतर नवी पट्टीही पहिल्याच दिवशी मुरडते.

टोकं डाख लावून जोडली तर चालतात. कथील-शिशाचा ६०-४० चा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो, त्याने निळ्या पट्टीचं पाणी उतरत नाही. त्रास देतो तो आम्लाचा फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य. रत्नागिरीकडून माझ्याकडे आलेल्या एका सेइकोशाची पट्टी नेमकी डाखाच्या रेषेवर तुटली होती आणि तिथे भिंगाखाली तपकिरी गंजाची रेघ स्पष्ट दिसत होती. कोकणातल्या दमट हवेत कागदाइतक्या पातळ पोलादाला एवढंही पुरतं. राळेचा फ्लक्स वापरा, किंवा डाख सोडून बारीक रिव्हेट करा. समुद्राजवळच्या घरासाठी फॉस्फर ब्राँझची पट्टी मिळाली तर तीच घ्या. ती गंजत नाही, आणि तिची ताठरता पोलादाच्या जवळजवळ निम्मी असल्याने थोडी जाड घेतली तरी चालते.

पितळेला पोलादाचा नियम लावू नका

पितळ तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, असा समज घट्ट बसलेला आहे. उलट आहे. लाल तापवलेलं पितळ मऊ होतं, मग ते पाण्यात बुडवा की हवेत गार करा. ते कडक होतं ठोकून, दाबून, जंतरातून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून ओढून. जुन्या मशीनमधली पितळी तारेची स्प्रिंग वाकवायला म्हणून तापवली असेल तर तिच्यात जीव परत आणायचा एकच मार्ग, ती ठोकणं. नाहीतर नवी ओढलेली तार घ्या. पितळेचा लवचीक भाग मऊ पत्र्यातून कापायचा असेल तर आधी जाड पत्रा घेऊन ऐरणीवर हळूहळू ठोकून पातळ करा, मग कापा.

ठोकलेल्या पितळेची एक वेगळीच तक्रार असते. भाग बसवला, चालला, आणि पुढच्या साफसफाईनंतर काही दिवसांत कोणताही जोर न पडता त्याला चीर गेली. संशय घ्यावा तो अमोनियावर. हा प्रकार आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर दिसला होता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप चिरत. कारण पुढे १९२१ मध्ये नीट उलगडलं. दाबून घडवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्या ताणावर हल्ला करतो. घड्याळं धुण्याच्या अनेक द्रावणांत आणि काचा पुसण्याच्या काही पातळ औषधांत अमोनिया असतो. ठोकून केलेला भाग त्यात बुडवून ठेवू नका. साठलेला ताण आधीच घालवायचा असेल तर तयार भाग २५० ते ३०० अंशांवर काही वेळ ठेवावा. एवढ्याने कडकपणा फारसा जात नाही. चकचकीत पोलादाचा तुकडा शेजारी ठेवला की तापमान रंगावरून कळतं.

बाकीचे भाग

चाकाच्या दांड्याचा पिव्होट तुटला असेल तर दांड्याला मधोमध भोक पाडून सुईचा तुकडा बसवतात. सुई जशी मिळते तशी फार ठिसूळ असते. आधी किसात निळी करा, मगच कापा आणि बसवा. अमेरिकन मशीनचे दांडे मऊ असतात, भोक सहज पडतं. दांडा कडक निघाला तर फक्त टोक मऊ करा, चाकापर्यंत ऊब जाऊ देऊ नका. भोकाची खोली पिव्होटच्या जाडीच्या दोन-तीन पट हवी. शेवटी पिव्होट गुळगुळीत पोलादाने दाबून घासा. ती चकाकी फक्त दिसायला नसते, पृष्ठभाग दाबला जाऊन घट्ट होतो आणि पिव्होट ज्यात फिरतो ते बुश कमी झिजतं.

टेपर पिना, म्हणजे एका टोकाला निमुळत्या पिना, सैल होऊन पडत असतील तर त्या मऊ लोखंडाच्याच करा, उतार अगदी थोडा ठेवा आणि शेवटचा हात लांबीच्या दिशेने मारा. कडक पिना भोक खातात.

मेन स्प्रिंग घरी करायच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या लांब पट्टीला सगळीकडे सारखं पाणी देणं घरच्या आचेवर होत नाही, आणि ती तुटली की मशीनचे दाते आणि तुमची बोटं दोन्ही जातात. ती विकत मिळते. दुकानदाराला चार गोष्टी सांगाव्या लागतात: रुंदी, जाडी, लांबी, आणि बाहेरचं टोक भोकाचं आहे की कडीचं. जाडी मोजताना जुन्या स्प्रिंगवरचा गंज आणि वाळलेलं तेल आधी पुसून काढा.